सहा व्होल्टच्या शेवरलेतला मूळ रेडिओ

प्रश्न थोडक्यात असा : आजोबांनी घेतलेली १९५१ची शेवरले इंदुरात पुन्हा उभी होते आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग झालं आहे. गाडी मूळची सहा व्होल्टची, पण मेकॅनिकच्या सांगण्यावरून आता तिच्यात बारा व्होल्टची बॅटरी आहे. डॅशबोर्डातला डेल्को कंपनीचा मूळ रेडिओ कित्येक दशकं बंद आहे. कार-ऑडिओवाला म्हणतो, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं बोर्ड बसवतो, बाहेरून बटणं तशीच दिसतील. हा रेडिओ खरंच दुरुस्त होतो का? सुरुवात कुठून करायची? बारा व्होल्टचं काय? आणि चालू झाला तरी त्यावर ऐकायचं काय?

दुरुस्त होतो. आतलं काढू देऊ नका, हे मी आधी सांगतो, कारण एकदा काढलं की पुढचं सगळं सांगणं फुकट.

त्या काळातल्या संचात काय बिघडतं ते बघा. कागदी कंडेन्सर, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, व्हायब्रेटर (बॅटरीचा दाब वाढवायला लागणारी थरथरती पट्टी, तिच्याबद्दल पुढे), काही रेझिस्टन्स, एखादा व्हॉल्व्ह (काचेची रेडिओ नळी). यातली प्रत्येक वस्तू आजही बदलता येते, आणि बहुतेक स्वस्तात. आता काय सहसा बिघडत नाही ते बघा. पॉवर ट्रान्सफॉर्मर, ट्यूनिंगच्या कॉइल आणि त्यांत सरकणारे गाभे, पाच पुशबटणांची ती सगळी पितळी-पोलादी यंत्रणा. या वस्तू आज नव्या मिळत नाहीत, कोणी बनवत नाही, आणि तुमच्या रेडिओत त्या बहुतेक धडधाकट असतील. ब्लूटूथच्या बोर्डाला जागा करायची म्हणून भंगारात जातात त्या नेमक्या याच. जे बिघडलं आहे ते काढण्याऐवजी जे चांगलं आहे तेच काढलं जातं. म्हणून माझा त्या कामाला ठाम विरोध आहे.

आता एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचा आहे. बॅटरी बारा व्होल्टची झाल्यावर कोणी ‘बघू तरी’ म्हणून रेडिओचं बटण फिरवलं होतं का? घरच्यांना, मेकॅनिकला, पेंटरला, सगळ्यांना विचारा. कारण सहा व्होल्टच्या व्हॉल्व्हच्या फिलामेंटला बारा व्होल्ट मिळाले की तो फार काळ टिकत नाही, आणि व्हायब्रेटरची पट्टी चिकटली तर ट्रान्सफॉर्मरच तापतो. कोणी फिरवलं नसेल तर आजच रेडिओचा फ्यूज काढून खिशात ठेवा.

रेडिओ गाडीतून काढताना घाई नको. मागचा आधाराचा पट्टा, पुढचे दोन नट, स्पीकरची वायर, एरियलचा प्लग, दिव्याची वायर, फ्यूज असलेली मुख्य वायर. प्रत्येक गोष्ट सोडवण्याआधी फोटो काढा. पट्टा काढला की सगळं वजन पुढच्या नटांवर येतं आणि डॅशबोर्डाचा पत्रा वाकतो, म्हणून खालून एकाने धरायलाच हवं. पुढच्या बटणांतले छोटे स्क्रू गंजलेले असतात. त्यांत आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल एक थेंब सोडा, पण फवारा मारू नका. तो फवारा डायलच्या काचेवर गेला तर मागून छापलेले आकडे सुटून येतात, आणि ते आकडे हा या रेडिओचा चेहरा आहे. डायल पुसायची तर कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, फार तर पुढच्या बाजूला ओलसर कापड. स्पिरिट, थिनर, पेट्रोल अजिबात नाही.

डब्याची झाकणं उघडलीत की बहुधा उंदराचं घरटं, कोळ्याची जाळी आणि मालव्यातली बारीक काळी माती एकत्रच निघेल. धूळ तोंडाने फुंकू नका. चासीवर, म्हणजे रेडिओच्या आतल्या धातूच्या सांगाड्यावर, पांढरी-पिवळसर भुकटी दिसली तर ती कॅडमियमच्या मुलाम्याची असते आणि ती विषारी आहे. हातमोजे आणि मास्क घालून ओल्या कापडाने पुसा, कापड टाकून द्या. चासी घासून चकचकीत करायची नाही, रंगवायची तर नाहीच. झाकणाच्या आत किंवा डब्यावर मॉडेल क्रमांकाची चिठ्ठी किंवा शिक्का असतो. त्यावरून सर्किट शोधा. डेल्कोच्या त्या काळातल्या बहुतेक संचांची सर्किटं उपलब्ध आहेत, आणि सर्किट हातात नसताना या रेडिओला सोल्डरिंग आयर्न लावू नये.

आता मुख्य काम. पहिला नियम असा की जुन्या कंडेन्सरांवर रेडिओ चालू करून बघायचा नाही. मेणाच्या कागदी नळीतले कंडेन्सर सत्तर वर्षांनी गळके झालेले असतात. बाहेरून सुरेख दिसतात, मीटरवर किंमतही बरी दाखवतात, पण दोनशे व्होल्ट लागले की त्यांतून करंट झिरपतो. त्यांतला सर्वांत घातक तो आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला, जाणारा. तो गळला की ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर करंट ओढतो आणि त्याच्यासोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून सुरुवात तिथून करा. मग बाकीचे कागदी, मग इलेक्ट्रोलिटिक. एकेक काढा, एकेक लावा, दोन एकदम काढू नका. चपटे, तपकिरी, रंगीत ठिपक्यांचे मायका कंडेन्सर मात्र तसेच राहू द्या. ते क्वचितच बिघडतात, आणि त्यांना हात लावला की ट्यूनिंग हलतं.

नवे कंडेन्सर फिल्मचे, ६३० व्होल्टचे घ्या. इंदुरात जेल रोडला मिळतात. तिथे नाही मिळालं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. इलेक्ट्रोलिटिक ४५० व्होल्टचे, किंमत मूळच्या जवळपास. ‘जास्त मायक्रोफॅरड म्हणजे जास्त चांगलं’ हा समज इथे महागात पडतो, कारण रेक्टिफायरवर (उलटसुलट प्रवाह सरळ करणाऱ्या भागावर) सुरुवातीचा झटका त्यामुळे वाढतो. जुन्या कागदी नळ्या पोकळ करून त्यांत नवा कंडेन्सर घालायची पद्धतही आहे. नळी गरम हवेने तापवायची, आतलं मेण आणि गुंडाळी सरकवून काढायची, नवा घालून टोकं मेणाने बंद करायची. काम सुंदर दिसतं. पण हा डबा बंद होणार आहे आणि स्पर्धेचे परीक्षकही तो उघडून बघत नाहीत. तुम्हाला हौस असेल तर करा. मी ते गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय करत नाही, त्यापेक्षा तो वेळ व्हायब्रेटरला देतो.

व्हायब्रेटर म्हणजे या रेडिओचं हृदय, आणि आजच्या बहुतेक इलेक्ट्रिशियननी तो पाहिलेलाही नसतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. व्हॉल्व्हना दोनशे-अडीचशे व्होल्ट डीसी लागतात, गाडीत आहेत सहा. डीसी ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही. १९३०च्या आसपासच्या गाड्यांत त्यासाठी उच्च दाबाच्या वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. मग व्हायब्रेटर आला. डबीत एक पोलादी पट्टी असते, ती सेकंदाला सुमारे ११५ वेळा थरथरते आणि सहा व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाला आणि मग दुसऱ्या टोकाला आळीपाळीने देते. त्यातून तयार झालेला उलटसुलट प्रवाह ट्रान्सफॉर्मर वाढवतो आणि रेक्टिफायर पुन्हा सरळ करतो. रेडिओ लावला की जी बारीक गुणगुण ऐकू येते ती याचीच. १९५५मध्ये फिल्कोने क्रायस्लरसाठी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ काढला आणि पुढच्या काही वर्षांत व्हायब्रेटर मागे पडला.

तुमच्यातला व्हायब्रेटर बहुधा चार पिनांचा, साधा असेल. पाच-सहा पिनांचा दिसला तर तो सिंक्रोनस असू शकतो. तो रेक्टिफायरचं कामही स्वतःच करतो, आणि त्याला धन-ऋण बरोबरच लागतं. तुमच्या शेवरलेचं अर्थिंग ऋण आहे, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं आहे, त्या काळच्या प्लिमथ-डॉजचं धन. एखाद्या डॉजमधून काढलेला सिंक्रोनस संच तुमच्या गाडीत कोणी बसवला असेल तर हे आधी तपासा.

डबीची कड खालच्या बाजूला दुमडलेली असते. बारीक पक्कडीने ती हळूहळू, गोल फिरत उघडा. आत आवाज दाबायला घातलेला स्पंज रबर असतो. सत्तर वर्षांत त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो किंवा हात लावताच भुगा. तो सगळा काढा, पट्टीच्या टोकांना आणि कॉइलला चिकटलेला काडी-कापसाने स्वच्छ करा. मग भिंगाखाली कॉन्टॅक्ट बघा. चांगले कॉन्टॅक्ट राखाडी आणि सपाट दिसतात. दीर्घकाळ पडून राहिलेल्यांवर पातळ थर चढतो, वीज जात नाही आणि व्हायब्रेटर मुका बसतो. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर दोन्हींच्या मध्ये घालून हलकेच ओढा, मग कोऱ्या कार्डाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तसंच ओढा. पट्टी वाकवून अंतर ‘जुळवायला’ जाऊ नका. एका कॉन्टॅक्टवर शिखर आणि समोरच्यावर खड्डा तयार झाला असेल तर त्याचं आयुष्य संपलं आहे.

तेव्हा दोन रस्ते आहेत. एक म्हणजे त्याच मापाचा जुना पण न वापरलेला व्हायब्रेटर शोधणं. तोही उघडून साफ करावाच लागतो. दुसरा म्हणजे दोन मॉसफेट (स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर) आणि एका ऑसिलेटरचं छोटं सर्किट, जे त्याच वेगाने तेच काम करतं. ते जुन्या डबीत, त्याच पिनांवर बसतं. हा बदल मला पूर्ण मान्य आहे. ज्याला मूळचा हवा त्याने डबी उपटावी आणि मूळची लावावी, रेडिओतली एकही वायर हललेली नसते. ब्लूटूथच्या बोर्डात आणि यात फरक आहे तो एवढाच, पण तो मोठा आहे.

व्हायब्रेटर कोणताही लावा, त्याआधी बफर कंडेन्सर बदललाच पाहिजे. हा ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या बाजूला असतो आणि पट्टी सुटताना उसळणारा दाब शोषतो. तो शॉर्ट झाला की कॉन्टॅक्ट जळतात, ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. त्याची किंमत ०.००५ ते ०.०२ मायक्रोफॅरडच्या दरम्यान कुठेतरी असते आणि ती त्या ट्रान्सफॉर्मरसाठी ठरवलेली असते. सर्किटमध्ये लिहिली असेल तीच घ्यायची, वाढवायची नाही, कमी करायची नाही. दाब १६०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक, पॉलिप्रॉपिलीनचा. दुकानदार ६३० व्होल्टचा देऊन ‘चालेल’ म्हणाला तर परत करा. दुरुस्त झालेला व्हायब्रेटर रेडिओ महिन्याभरात पुन्हा बंद पडला की मी आधी हाच कंडेन्सर बघतो.

रेक्टिफायर ओझेड-४ असेल तर त्यात फिलामेंट नसतो, वायू असतो. तो जुना झाला की कधी चालू होतो, कधी नाही. त्याच्या जागी प्रत्येक बाजूला १एन४००७ डायोड दोन-दोन ओळीने लावता येतात, जुन्या व्हॉल्व्हच्या बुडात बसवले तर दिसतही नाहीत. ६एक्स४ असेल तर तो सहसा टिकलेला असतो. त्याच्या जागी डायोड लावू नका, दाब वाढतो आणि तोही व्हॉल्व्ह तापायच्या आतच सगळ्यांवर येतो.

आता बारा व्होल्टचा प्रश्न. कोणीतरी तुम्हाला ‘रेझिस्टन्स टाका’ म्हणेल. गणित बघा. रेडिओ सात अँपिअर घेतो असं धरलं तर सहा व्होल्ट खाली आणायला साधारण ०.८६ ओहम लागतात, आणि तो रेझिस्टन्स चाळीस वॅटच्या वर उष्णता टाकतो, डॅशबोर्डाच्या मागे, वायरींच्या जवळ. वर आणखी एक धोका. एखाद्या दिवशी व्हायब्रेटर सुरू झालाच नाही तर फक्त फिलामेंटचा दोन अँपिअरच्या आसपास करंट वाहतो, रेझिस्टन्सवर थोडाच दाब पडतो आणि सहा व्होल्टच्या फिलामेंटना नऊच्या वर मिळतात. एका बिघाडातून अख्खा संच जातो. बॅटरीच्या तिसऱ्या सेलवरून सहा व्होल्ट काढायची जुनी युक्तीही नको. अर्धी बॅटरी जास्त खाली होते आणि चार्जिंगला दोन्ही बाजू सारख्या भरत नाहीत.

योग्य मार्ग म्हणजे बारावरून सहा करणारा कन्व्हर्टर, निदान दहा अँपिअरचा, धातूच्या बंद डब्यात. स्वस्त उघडा कन्व्हर्टर आणलात तर रेडिओ चालेल, पण खरखरीशिवाय काही ऐकू येणार नाही. कारण कन्व्हर्टर दीडशे किलोहर्ट्झवर चालत असेल तर त्याचे पडसाद ६००, ७५०, ९०० अशा जागी, म्हणजे बरोबर मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात. डबा बॉडीला घट्ट अर्थ करा, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दोन्ही वायरींना फिल्टर द्या, आणि तो रेडिओपासून शक्य तितका दूर ठेवा.

पण मला खरं विचाराल तर गाडी पुन्हा सहा व्होल्टवर न्या. बारा व्होल्ट करतात ते बहुतेक वेळा ‘स्टार्टर सुस्त आहे’ म्हणून. सहा व्होल्टच्या गाडीला दुप्पट करंट लागतो आणि त्यासाठी जाड केबल लागते. रिस्टोरेशन करताना बारा व्होल्टच्या मापाची बारीक केबल टाकली, अर्थचा पट्टा रंगावर कसला, की स्टार्टर सुस्त होणारच. जाड केबल, इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी असे उघड्या पत्र्यावर कसलेले अर्थ, आणि शेवरलेचं इंजिन सहा व्होल्टवर नीट फिरतं. मग कन्व्हर्टर नको, दिवे मूळचे, डायनॅमो मूळचा. तुमचं वायरिंग नुकतंच झालं आहे म्हणून हे ऐकायला जड जाईल, तरी मेकॅनिकशी एकदा बोला.

पहिल्यांदा चालू करणं टेबलावरच. दहा अँपिअर देऊ शकणारा सप्लाय घ्या, दाब सहापासून ६.३पर्यंत, स्पीकर जोडलेला. स्पीकर नसताना व्हॉल्व्हचा आउटपुट चालवायचा नाही. व्हायब्रेटर काढून ठेवा आणि फक्त फिलामेंट पेटवा. व्हॉल्व्ह लालसर दिसले आणि करंट दोन-अडीच अँपिअरच्या आसपास असला तर वायरिंग ठीक आहे. मग बंद करून व्हायब्रेटर लावा. आता पाच ते सात अँपिअर. दहाकडे गेला आणि खाली येत नसेल तर लगेच बंद करा, व्हायब्रेटर चिकटला आहे किंवा पुढे काहीतरी शॉर्ट आहे. गुणगुण एकसारखी आली, करंट स्थिर राहिला की मीटर आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर ठेवा. चासीच्या तुलनेत शून्य किंवा किंचित ऋण दिसलं पाहिजे. दीड-दोन व्होल्ट धन दिसलं तर तो कंडेन्सर अजूनही गळतो आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये वायू भरला आहे. आणि हे लक्षात असू द्या, बॅटरी सहा व्होल्टची असली तरी आत अडीचशे व्होल्ट खेळत असतात. एक हात पाठीमागे ठेवा. बंद केल्यावर इलेक्ट्रोलिटिक रेझिस्टन्समधून रिकामा करा, मगच बोट घाला.

आवाज आला, पण कमी आहे, म्हणून लगेच आयएफच्या (संचाच्या आतल्या ठरलेल्या मधल्या फ्रीक्वेन्सीच्या) डब्यांचे स्क्रू फिरवायला घेऊ नका. या संचांचा आयएफ आपल्या घरच्या रेडिओसारखा ४५५ नाही, २६२ किलोहर्ट्झच्या आसपास आहे. ४५५ला जुळवायला गेलेल्या माणसाने गाभे टोकापर्यंत फिरवून फोडलेले मी पाहिले आहेत. कारमध्ये धक्के बसतात म्हणून ट्यूनिंगलाही पात्यांचा गँग कंडेन्सर नाही, कॉइलमध्ये आतबाहेर सरकणारे गाभे आहेत, आणि ते एका दांडीवर जोडलेले आहेत. त्या दांडीला तेलाचा एक थेंब, सरकणाऱ्या जागी पातळ ग्रीस, एवढंच. पुशबटणाचा क्लच घसरत असेल तर त्याची रबरी किंवा नमद्याची चकती साफ करा. तिथे तेल गेलं तर सूई बटणाला ऐकणार नाही. जुळवणी खरोखर लागलीच तर सिग्नल जनरेटर असलेल्या माणसाकडून, प्लास्टिकच्या काडीने करून घ्या.

स्पीकर थोडक्यात. कोनावर सारखा दाब देऊन बघा, आत खरखर घासलं तर व्हॉइस कॉइल अडकते आहे. फाटलेला कोन टिश्यू पेपर आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने जोडता येतो, थर पातळ हवा. स्पीकरला दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर तो फील्ड कॉइलचा, म्हणजे कायम चुंबकाऐवजी विजेच्या चुंबकावर चालणारा, असू शकतो, त्याच्या जागी साधा बसवू नका. बाहेरची झिलई झडलेली चौकट मझाकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची, असते. प्लेटिंगवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो लोखंडासारखी घासून कडाच खाऊन टाकेल.

रेडिओ गाडीत गेल्यावर लोक जे रेडिओच्या माथी मारतात ते निम्मं गाडीचं असतं. इंजिनाच्या वेगाबरोबर टकटक वाढते ती स्पार्कची. डिस्ट्रीब्युटरच्या मधल्या वायरला दहा हजार ओहमचा सप्रेसर लावा. डायनॅमोची किरकिर असेल तर अर्ध्या मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्याच्या ए टर्मिनलवर. एफ टर्मिनलवर कधीच नाही, कटआउटच्या डब्यातल्या रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. इग्निशन कॉइलवरचा कंडेन्सर बॅटरीच्या बाजूच्या टर्मिनलवर, पॉइंटच्या बाजूला नाही. बॉनेट आणि बॉडी जाड वेणीच्या पट्ट्याने जोडा, बिजागऱ्यांवर नवा रंग असेल तर बॉनेट स्वतःच एरियल बनतं. इंजिन बंद, गाडी उतारावर धावते आहे आणि तरी सरसर येते, अशी तक्रार असेल तर पुढच्या चाकांच्या टोप्यांच्या आत स्थिर वीज उतरवणाऱ्या स्प्रिंगा आहेत का ते पाहा. चाकं काढताना त्या हरवतात आणि त्यांचं काय काम होतं हे कोणाला आठवत नाही. एरियलचा मधला तार आणि बॉडी यांच्यात मीटरवर जोड असल्याचं काहीच दिसायला नको. दिसलं तर बुडातलं रबर ओलं आहे. नवी केबल लागलीच तर टीव्हीची घालू नका, तिची कपॅसिटी जास्त आहे आणि मध्यम लहरींचा सिग्नल त्यातच मुरतो.

आता ऐकायचं काय. तुमची गाडी १९५१ची, इंदूरचं आकाशवाणी केंद्र १९५५चं. पहिली चार वर्षं आजोबांनी या डायलवर रात्रीच्या वेळी लांबून येणारी मुंबई किंवा १९४८ला सुरू झालेलं नागपूर पकडलं असेल. रेडिओ सिलोनच्या लघुलहरी या संचात येत नाहीत, फक्त मध्यम लहरी येतात. मालवा हाऊसची, म्हणजे त्याच इंदूर केंद्राची, मध्यम लहरींवरची जागा ६४८ किलोहर्ट्झ. डायलवर ५५ ते १६० असे आकडे आहेत, ते दहाने गुणायचे, म्हणजे सूई ६५च्या किंचित अलीकडे. पण देशभर मध्यम लहरींची प्रक्षेपणं कमी होत गेली आहेत, तेव्हा फक्त त्यावर विसंबून एवढी मेहनत करा असं मी सांगणार नाही.

इथे कार-ऑडिओवाल्याच्या म्हणण्यातला जो रास्त भाग आहे, म्हणजे फोनवरची गाणी, तो मी मूळ रेडिओ न दुखावता पुरवतो. एक मेगाहर्ट्झचा तयार क्रिस्टल ऑसिलेटर मिळतो, छोट्या धातूच्या डबीतला. त्याच्या पाच व्होल्टच्या सप्लायच्या वायरीत एका लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मरची हजार ओहमची बाजू ओळीने घालायची, आठ ओहमच्या बाजूला फोनचा आवाज द्यायचा. गाण्याबरोबर ऑसिलेटरचा सप्लाय वरखाली होतो, आणि तयार होतो तुमचा स्वतःचा, १००० किलोहर्ट्झचा इवलासा सिग्नल. तो पत्र्याच्या डबीत बंद करून, कमकुवत करून, एरियलच्या सॉकेटला केबलनेच द्यायचा. मध्ये एक स्विच हवा, एका बाजूला खरं एरियल, दुसऱ्या बाजूला ही डबी. दोन्ही एकदम जोडायचे नाहीत, नाहीतर तुमची गाणी शेजारच्या गाडीतही जातील, आणि ते नियमात बसत नाही. डबी ग्लव्ह बॉक्समध्ये मावते. डायलवर १००ला गाणं लागलं की एक पुशबटण बाहेर ओढा, सूई नीट आणा, बटण आत दाबा. ते बटण आता फोनचं.

गाणी अर्थात त्या जुन्या आउटपुट व्हॉल्व्हमधून, त्याच स्पीकरमधून येतात. वरचे बारीक सूर कापले जातात, आवाज जरा भरीव होतो. आजोबांच्या काळातली गाणी त्यावर फोनपेक्षा चांगली वाटतात, असं माझं प्रामाणिक मत आहे. आजचं संगीत ऐकायचं असेल तर मात्र सीटखाली वेगळा अँप्लिफायर ठेवा, डॅशबोर्डला भोक न पाडता.

शेवटची जुळवणी गाडीतच होते, टेबलावर नाही, कारण एरियल आणि केबल हेही सर्किटचाच भाग आहेत. डब्यावर एरियलच्या सॉकेटजवळ एक छोटा ट्रिमर (स्क्रूसारखा फिरवून जुळवायचा कंडेन्सर) असतो. एरियल पूर्ण वर काढा, सूई १४०च्या आसपास एखाद्या अगदी कमकुवत स्टेशनवर आणा, दिवसा काही मिळालं नाही तर रात्री करा, आणि आवाज जास्तीत जास्त होईपर्यंत ट्रिमर हळू फिरवा. जोरदार स्टेशनवर ही जुळवणी कळत नाही. हे झालं की मगच मागचा पट्टा कसा, आणि तो कसताना त्याखालचा रंग खरवडलेला असू द्या, रेडिओला अर्थ तिथूनच मिळतो.